क्यूएमए-पूर्णता आणि क्वांटम पीसीपी: एकच समजू नका

‘हॅमिल्टोनियनची किमान ऊर्जा काढणं क्यूएमए-पूर्ण आहे, म्हणजे तिचा अंदाज काढणंही तितकंच कठीण.’ नाशिकच्या आमच्या वाचनगटात हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि मला चर्चा थांबवावी लागते. ‘म्हणजे’च्या आधीचं सिद्ध झालंय. नंतरचं म्हणजे क्वांटम पीसीपी अटकळ; ते अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. (हॅमिल्टोनियन म्हणजे क्वांटम प्रणालीची ऊर्जा सांगणारं गणिती सूत्र; क्यूएमए-पूर्ण म्हणजे क्यूएमए या वर्गातल्या सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक.)

थ्री-सॅट ठाऊक आहेच: खऱ्या-खोट्या चलांवरच्या, प्रत्येकी तीन चलांच्या अटी सगळ्या एकदम पाळता येतात का, हा प्रश्न. तिथल्या अटींच्या जागी मोजक्या क्यूबिटांवरची (क्वांटम बिटांवरची) ऊर्जेची पदं ठेवा; पुरावा ही क्वांटम अवस्था, तपासणारा क्वांटम संगणक. असा पुरावा झटपट तपासता येणाऱ्या प्रश्नांचा वर्ग, तो क्यूएमए.

घोळ होतो तो फरकाच्या आकारात. पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या हजार पेट्या आहेत. ‘सगळ्या चांगल्या’ की ‘एखादी तरी खराब’ हे ठरवायचं असेल, तर पाच-पन्नास पेट्या उघडून भागत नाही. पण ‘सगळ्या चांगल्या’ की ‘दर दहांत एक खराब’ असा प्रश्न असेल, तर पन्नास पेट्यांत निकाल लागतो. क्यूएमए-पूर्णता सिद्ध करणारं किटाएवचं १९९९चं प्रमेय पहिल्या जातीचं. त्यात एकूण ऊर्जेतला फरक इतका बारीक असतो, की क्यूबिट वाढतील तसा तो आक्रसत जातो. क्वांटम पीसीपी अटकळ दुसऱ्या जातीची: फरक एकूण पदांच्या ठरावीक हिश्श्याएवढा, मग क्यूबिट शंभर असोत की कोटी.

अभिजात, म्हणजे थ्री-सॅटसारख्या क्वांटम नसलेल्या, अटींसाठी हे अंतर १९९२च्या पीसीपी प्रमेयाने ओलांडलं. अटींची मांडणी अशी बदलता येते, की सगळ्या पाळणं अशक्य असेल तर कसंही केलं तरी ठरावीक हिस्सा मोडतोच. सड एका पेटीत न राहता सगळ्या लॉटभर पसरते. या प्रमेयाच्या इरिट दिनूर यांनी दिलेल्या सिद्धतेत त्यासाठी एका चलाची किंमत अटींच्या आलेखातल्या आजूबाजूच्या अनेक शिरोबिंदूंकडे उतरवून ठेवतात. अज्ञात क्वांटम अवस्थेची नक्कल करताच येत नाही, म्हणून ती वाट इथे अडते.

‘अंदाज कठीण आहे का?’ हा प्रश्नही मला खटकतो. कठीण आहेच! अभिजात अटी हेही हॅमिल्टोनियनच, त्यामुळे पदांच्या एका लहानशा ठरावीक हिश्श्याएवढी चूक चालवून घेतली, तरी प्रश्न एनपी-कठीण उरतो (एनपी म्हणजे ज्यांचा अभिजात पुरावा साध्या संगणकावर झटपट तपासता येतो, असे प्रश्न). विचारायला हवं ते असं: तो क्यूएमए-कठीण आहे, की अभिजात पुराव्यावर भागतं? दोन-दोन क्यूबिटांच्या पदांत प्रत्येक क्यूबिटला भरपूर शेजारी असतील, तर न गुंतलेली, म्हणजे प्रत्येक क्यूबिट स्वतंत्र असलेली, अवस्थाही किमान ऊर्जेच्या जवळ पोहोचते, म्हणजे तिथे भागतं. हे ब्रँडाओ आणि हॅरो यांनी २०१३ मध्ये दाखवलं.

‘२०२२ मध्ये क्वांटम पीसीपी सुटलं’ असं तर कृपा करून कुणी म्हणू नका. अंशू, ब्रॉयकमन आणि निरखे यांनी सिद्ध केलं ते एनएलटीएस: काही हॅमिल्टोनियनांची एकही कमी-ऊर्जेची अवस्था उथळ, म्हणजे मोजक्याच पायऱ्यांच्या, क्वांटम सर्किटने बनवता येत नाही. क्यूएमए आणि एनपी वेगळे धरले, तर क्वांटम पीसीपीतून एनएलटीएस निघतं. एनएलटीएसमधून क्वांटम पीसीपी निघत नाही. त्यांच्या हॅमिल्टोनियनची किमान ऊर्जा तर आधीच माहीत असते. ती शून्य असते, आणि ती गाठणारी अवस्था साध्या कागदावर थोडक्यात लिहून देता येते.