उपनगर

उपनगर म्हणजे मोठ्या शहराला लागून असलेली वस्ती. 'उप' म्हणजे जवळचं किंवा दुय्यम, जसं उपनदी, उपवन. शब्द तसा सरळ आहे पण मुंबईत त्याचा अर्थ जरा वाकडा झालाय.

मुंबईत शहर म्हणजे मूळ सात बेटांचा भाग, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, आणि त्याच्या उत्तरेला मुलुंड-दहिसरपर्यंत सगळं उपनगर. सायनचं मराठी नाव शीव, आणि शीव म्हणजेच हद्द! म्हणजे शहर कुठे संपायचं हे स्टेशनच्या नावातच आहे, रोज तिथून जाणाऱ्यांच्या डोक्यातही हे येत नाही. पुढे १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यात महापालिकेची हद्द वाढली आणि ही उपनगरं मुंबईतच आली, तरी नाव उपनगरच राहिलं. १९९० मध्ये तर मुंबई उपनगर असा वेगळा जिल्हाच झाला, त्याचं मुख्यालय वांद्र्याला.

गंमत आकड्यात आहे. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात साधारण ३१ लाख लोक आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर, म्हणजे 'उप' मूळ नगराच्या तिप्पट. एअरपोर्ट उपनगरात, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली मोठी ऑफिसंही उपनगरात, आता याला शहराची कड कोण म्हणणार? तरी अंधेरी-बोरिवलीची जुनी माणसं दक्षिण मुंबईतल्या फोर्टात कामाला निघाली की अजून 'मुंबईला जातोय' म्हणतात, नवी पिढी 'टाउनला' म्हणते, अर्थ तोच. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे रिक्षा, ती बेटावरच्या शहरात चालत नाही, त्यामुळे टॅक्सी शोधायला लागली की समजायचं उपनगर संपलं.

रेल्वेचा हिशोब आणखी वेगळा. लोकलचं सरकारी नाव उपनगरीय रेल्वे, पण ती कसारा, कर्जत, डहाणूपर्यंत जाते आणि ही गावं मुंबई महापालिकेत तर नाहीतच, उपनगर जिल्ह्यातही नाहीत. इथे उपनगर म्हणजे रोज ये-जा करता येईल एवढं अंतर, बस्स.

पुण्यात हा शब्द सैल वापरतात, पेठांच्या बाहेरचं ते उपनगर, मग कोथरूड असो नाहीतर हडपसर. नाशिकमध्ये तर नाशिकरोडच्या बाजूला एका भागाचं नावच 'उपनगर' आहे, तिथला माणूस कुठे राहता विचारलं तर नुसतं 'उपनगरला' म्हणतो.