साउंड कार्ड ड्रायव्हर

साउंड कार्ड ड्रायव्हर : डेस्कटॉप संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्यातले आवाजाचे हार्डवेअर यांच्यात देवाणघेवाण घडवणारे सॉफ्टवेअर. गाण्याची फाइल म्हणजे आकड्यांची रांग असते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत डाव्या आणि उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० आकडे. हे आकडे खंड न पडता चिपपर्यंत पोचवणे, माइकमधून आलेले आकडे आत घेणे, कोणत्या जॅकमध्ये पिन घातली आहे ते ओळखणे आणि आवाजाची पातळी सांभाळणे ही कामे ड्रायव्हर करतो. तो चुकीचा असेल तर हार्डवेअर शाबूत असूनही स्पीकर मुके राहतात, किंवा स्पीकर वाजतात पण माइक काही उचलत नाही. आज बहुतेक डेस्कटॉपमध्ये आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसवलेली असते; वेगळे कार्ड घेणारे थोडेच. ड्रायव्हर मात्र दोन्हींना लागतो.

गोव्यातल्या मराठी घरांत हा विषय बहुधा संगीत आणि नाटकाच्या निमित्ताने निघतो. देवळाच्या जत्रेला गावकरी मंडळी मराठी नाटक बसवतात, त्याचे पार्श्वसंगीत डेस्कटॉपवर जुळवले जाते. भजनी मंडळे आपला कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतात. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्यांचा सराव सुरू झाला की कुणीतरी माइक लावून बसतोच. आणि कपाटात कॅसेटींचा गठ्ठा असतो : नाट्यगीते, अभंग, घरातल्या कुणाचे जुने गाणे. हे सगळे संगणकावर घ्यायचे तर आवाज आत घेणारी बाजू नीट चालायला हवी, आणि ड्रायव्हरची खरी परीक्षा तिथेच होते. राज्य सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांना डेस्कटॉप मिळाले होते. त्या पिढीतली यंत्रे कुठे अजून चालू असली तर जुन्या ड्रायव्हरचा प्रश्नही त्यांच्यासोबत आलाच.

पूर्वपीठिका

१९८७ मध्ये आलेल्या अ‍ॅडलिब कार्डात यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले आणि पुढची अनेक वर्षे त्याचीच चलती राहिली. विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळात सगळ्या प्रोग्रामना चालेल असा एक ड्रायव्हर नसे. प्रत्येक गेम स्वतःच कार्डाशी बोलायचा, आणि कार्ड कोणत्या पोर्टवर (पत्त्यावर) व कोणत्या इंटरप्टवर (प्रोसेसरला हाक देण्याच्या वाटेवर) बसले आहे ते वापरणाऱ्याला सांगावे लागे. विंडोजने ही जबाबदारी स्वतःकडे घेतली. इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक ठरवल्यावर आवाज मदरबोर्डवर गेला, आणि तैवानच्या रिअलटेकच्या चिपा घरोघरच्या डेस्कटॉपमध्ये आल्या.

मोठा बदल जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत आला. मायक्रोसॉफ्टने आवाजाची सगळी व्यवस्था नव्याने लिहिली. गेमचा आवाज कार्डाच्या चिपवर थेट प्रक्रिया करून घेण्याची जुनी वाट बंद झाली, आणि ६४ बिट विंडोजमध्ये अधिकृत डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर चालेनासा झाला. महागडी कार्डे घेतलेल्या अनेकांना तेव्हा नव्या ड्रायव्हरची वाट पाहत बसावे लागले.

निवड

चिप ओळखल्याशिवाय ड्रायव्हर शोधायला जाऊ नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवाजाच्या उपकरणावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी पाहिला की एक लांबलचक ओळ दिसते. तिच्यात ‘व्हेन’च्या पुढे कंपनीचा क्रमांक असतो : १०ईसी असेल तर रिअलटेक, ११०२ असेल तर क्रिएटिव्ह. ‘डेव्ह’च्या पुढे चिपचा क्रमांक येतो, तिथे ०८९२ असेल तर चिप एएलसी८९२. नावाच्या जागी पिवळे चिन्ह आणि ‘अननोन डिव्हाइस’ असले तरी हे क्रमांक दिसतातच, त्यामुळे ड्रायव्हर अजिबात नसलेल्या यंत्रावरही चिप ओळखता येते.

त्याच ओळीत ‘सबसिस’च्या पुढे आणखी एक क्रमांक असतो. त्याकडे सहसा कुणी पाहत नाही, पण निवडीचा निकाल पुष्कळदा तोच लावतो. हा क्रमांक मदरबोर्डाचा असतो. चिप तीच असली तरी तिची कोणती पिन मागच्या हिरव्या जॅकला आणि कोणती पुढच्या पॅनेलला जोडायची हे बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते आणि तशी नोंद बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवते. ड्रायव्हरच्या पॅकेजमध्ये अशा बोर्डांसाठी वेगवेगळ्या सेटिंग्ज असतात. म्हणून पहिली पसंती नेहमी मदरबोर्डाच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या ड्रायव्हरला द्यावी, त्यावरची तारीख जुनी दिसली तरी. शेजाऱ्याच्या यंत्रात त्याच चिपचा दुसरा ड्रायव्हर उत्तम चालतो, हे आपल्या यंत्राबद्दल काही सिद्ध करत नाही. मॉडेल बोर्डावर छापलेले असते, आणि विंडोज १० आणि ११ मध्ये सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बेसबोर्डच्या ओळीतही मिळते.

बोर्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर मिळत नसेल तर विंडोजसोबत येणारा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर असतोच. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यात इक्वलायझर नाही, सराउंड नाही, जॅकचे काम बदलण्याची सोय नाही. पण आवाजावर तो स्वतःची कुठलीच करामत करत नाही, आणि स्वच्छ रेकॉर्डिंगसाठी हा मोठाच गुण आहे. यूएसबीचे ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्ये संगणकाला जोडणारे बाहेरचे खोके) असेल तर प्रकरण आणखी सोपे. अशा उपकरणांसाठीच्या यूएसबी ऑडिओ क्लास २ या मानकाचा ड्रायव्हर विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे.

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर आवाज ‘गेला’ अशी तक्रार वारंवार येते. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरचा आवाज ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमार्फत जातो, आणि विंडोज कधीकधी तेच उपकरण डीफॉल्ट करून टाकते. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावरून योग्य उपकरण निवडले की काम झाले. यासाठी यंत्र फॉरमॅट करून घेण्याची गरज नसते.

अद्ययावत करणे

रेकॉर्डिंग आणि आवाज दोन्ही व्यवस्थित चालू असतील तर ड्रायव्हर केवळ नवा आला म्हणून बदलू नये. नाटकाच्या किंवा आरतीच्या तोंडावर तर मुळीच नाही. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली, ठरावीक दोष दूर झाल्याचे कंपनीने जाहीर केले किंवा सुरक्षेची त्रुटी सापडली, ही बदलण्याची खरी कारणे. तिसऱ्याचे ठळक उदाहरण मे २०१७ मधले. एचपीच्या काही लॅपटॉपमधला कोनेक्झंटचा ऑडिओ ड्रायव्हर दाबलेली प्रत्येक कळ एका उघड्या फाइलमध्ये नोंदवत असल्याचे तेव्हा उघडकीला आले. व्हॉल्यूमच्या कळा ओळखण्यासाठी लिहिलेला कोड पासवर्डही टिपत होता. सिस्टीममध्ये इतक्या आतवर पोचणारी गोष्ट कुठून घ्यायची याचा विचार त्यामुळेच करावा लागतो. ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करा’ म्हणणारे प्रोग्राम टाळावेत. ते चिप पाहतात, पण बोर्डाकडे बघतीलच असे नाही, आणि सोबत नको ते बसवून जातात.

बदलायचेच ठरले तर आधी रिस्टोर पॉइंट (सिस्टीम जुन्या स्थितीत परत नेण्याची खूण) करावा आणि चालू ड्रायव्हरचे पॅकेज पेनड्राइव्हवर ठेवावे. मग डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर त्याच्या फाइलींसकट काढावा, यंत्र रीस्टार्ट करावे आणि नवा बसवावा. रिअलटेकच्या बाबतीत जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर आणि डीसीएच या मायक्रोसॉफ्टच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर एकावर एक बसवले की घोळ होतो. नव्या पद्धतीत नियंत्रणाचे अ‍ॅपही मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून वेगळे येते, त्यामुळे नेट नसलेल्या यंत्रावर ड्रायव्हर असतो पण त्याची खिडकी उघडत नाही. विंडोज अपडेट आपण निवडलेला ड्रायव्हर परस्पर बदलू शकते. तसे झाल्यास ‘रोल बॅक ड्रायव्हर’चे बटण कामी येते, मात्र आधीचा ड्रायव्हर विंडोजने जपून ठेवला असेल तरच. पावसाळ्यात हे काम यूपीएसवर करावे. ड्रायव्हर बसत असताना लाईट गेली तर अर्धवट फाइली निस्तरत बसावे लागते.

रेकॉर्डिंगसाठीची मांडणी

माइकसाठी ड्रायव्हरमध्ये नॉइज सप्रेशन, एको कॅन्सलेशन अशी साधने दिलेली असतात, आणि पुष्कळदा ती आपोआप चालू असतात. ती माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली आहेत. पंख्याची घरघर काढायची तर सतत एकसारखा येणारा आवाज दाबायचा, हे त्यांचे सूत्र. तानपुरा नेमका तसाच वाजतो, पेटीवर धरून ठेवलेला सूरही तसाच असतो. त्यामुळे भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला तानपुरा ऐकू येतो आणि काही क्षणांत विरघळून जातो. गायक थांबला की एकदम रिकामी शांतता. घुमटाची तऱ्हा निराळी. पातळी आपोआप समान राखणारी सोय चालू असली तर घुमटाच्या प्रत्येक जोरकस थापेनंतर सगळा आवाज खाली बसतो आणि कासाळ्यांची (झांजांची) किणकिण हेलकावत राहते. रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी माइकच्या प्रॉपर्टीजमधली ‘एन्हान्समेंट्स’ सगळी बंद करावीत. माइक बदलण्याआधी हे करून पाहावे. खर्च शून्य आणि फरक लगेच कानांना कळतो.

दुसरा प्रश्न विलंबाचा. आवाज बफर, म्हणजे आकडे तात्पुरते साठवण्याची जागा, भरूनच पुढे जातो. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या (म्हणजे आकड्यांच्या) दराने २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. ध्वनी हवेत २१ मिलिसेकंदांत सात मीटरांहून थोडे पुढे जातो. म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या घुमटावर हेडफोन लावून शामेळ (घुमटाच्या जोडीचे तालवाद्य) वाजवणाऱ्याला आपलाच हात खोलीच्या पलीकडून ऐकू आल्यासारखे होते, आणि आत जाणारा व बाहेर येणारा असा विलंब दोन्हीकडून जमा होतो. ताल धरणे कठीण होते. विंडोजच्या मिक्सरला वळसा घालण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत आणली. चांगल्या इंटरफेससोबत त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर मिळतो. मदरबोर्डवरच्या चिपेसाठी एएसआयओ४ऑल हा मोफत पर्याय आहे. बफर हळूहळू कमी करत न्यावा आणि कटकट ऐकू येऊ लागली की एक पायरी मागे यावे.

कॅसेट संगणकावर घेताना डेकची वायर निळ्या लाइन इनमध्ये घालावी, गुलाबी माइकमध्ये नाही. माइकची वाट आवाज आणखी वाढवते आणि गाणे फाटते. मागे तीनच जॅक असलेल्या बोर्डांवर एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ड्रायव्हरमध्ये स्पीकरची रचना ५.१ (सहा स्पीकरची) ठेवली असेल तर निळा जॅक मागच्या स्पीकरसाठी वापरला जातो आणि लाइन इन नाहीसे होते. रचना स्टिरिओ केली की ते परत येते.

ड्रायव्हरचा दोष नसतो तेव्हा

किनाऱ्याजवळच्या घरांत खारा वारा आणि चार महिन्यांची दमट हवा यांनी जॅकच्या आतले धातूचे पाते गंजते. मग पिन घातली तरी ड्रायव्हरला ती कळत नाही, किंवा एकाच बाजूचा आवाज येतो, आणि लोक ड्रायव्हर बदलत राहतात. पिन हलकेच फिरवल्यावर आवाज ये-जा करत असेल तर दोष जॅकचाच. सतत येणारी गुणगुण बहुतेक वेळा अर्थिंगची असते. शंका उरली तर पेनड्राइव्हवरून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चालू करून पाहावी. तिच्यात आवाजाचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच, असतात. तिथेही तेच लक्षण दिसले तर विंडोजच्या ड्रायव्हरला निर्दोष समजायला हरकत नाही.

जुन्या कार्डांसाठीही लिनक्स उपयोगी पडते. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. त्यामुळे ज्या कार्डाला ३२ बिटचाच ड्रायव्हर होता त्याचा विंडोजवरचा मार्ग खुंटतो. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमधल्या ईएमयू१०के१ चिपेचा ड्रायव्हर मात्र लिनक्सच्या अल्सा या आवाजाच्या व्यवस्थेत आजही आहे. पीसीआय स्लॉट (अशा कार्डाची जुनी खाच) असलेला जुना डेस्कटॉप आणि असे एखादे कार्ड घरात पडून असेल, तर कॅसेटींच्या गठ्ठ्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही.