सेवा-शिबिराचा अर्ज परत का येतो? गोव्यात शिकणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी

सुट्टीत काही आठवडे वृद्धाश्रमात, बालगृहात नाहीतर एखाद्या गावच्या धर्मशिक्षण वर्गात काम करायचे आणि संध्याकाळी फादर-सिस्टरांसोबत बसून दिवसभराच्या कामावर बोलायचे, प्रार्थना करायची, असे हे सेवा-शिबिर असते. कॉलेजचे चॅप्लिन (विद्यार्थ्यांसाठी नेमलेले फादर), धर्मप्रांताचे म्हणजे बिशपांच्या हद्दीचे युवा केंद्र किंवा एखादा धर्मसंघ ते आखतो. अटी जागेप्रमाणे थोड्या बदलतात, पण अर्ज अडतात ते त्याच त्या ठिकाणी. सावंतवाडी, वेंगुर्ले, वसई, बेळगावकडून पणजी-म्हापशाला शिकायला आलेल्या मुलांचे तर हमखास.

पात्रता सोपी आहे. तुम्ही कॅथलिक आणि कॉलेजात शिकत असलेले हवे, आणि वय शक्यतो १८ पूर्ण. पहिल्या वर्षाला असताना १७ चेच असाल तर आई-वडिलांचे संमतीपत्र जोडा. इथे पालक बिचकतात, कारण अर्जात ‘मिनिस्ट्री’ म्हणजे सेवाकार्य असा शब्द असतो आणि मुलगा फादर व्हायला सेमिनरीत किंवा मुलगी सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटमध्ये जाणार असे त्यांना वाटते. तसे काही नाही. आजाऱ्यांना भेटणे, मुलांना प्रार्थना शिकवणे, गायनात साथ देणे हे सेवाकार्य कोणीही सामान्य भाविक करू शकतो. हे घरी आधीच सांगा, म्हणजे सही अडत नाही.

खरी अडचण बाप्तिस्म्याच्या दाखल्याची. तो तुम्ही आता राहता त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या भागाच्या चर्चमध्ये, मिळत नाही, बाप्तिस्मा जिथे झाला त्याच चर्चमध्ये मिळतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून बाप्तिस्माही पुष्कळदा आजोळच्या चर्चमध्ये झालेला असतो, आणि मुलांना ते ठाऊकच नसते. आधी आईला फोन करा. मग चर्चला जाताना जन्मतारीख, बाप्तिस्म्याचा अंदाजे महिना, आई-वडिलांची नावे आणि आईचे माहेरचे आडनाव लिहून न्या. एवढे हाती असले की नोंदवहीत नाव चटकन सापडते.

कपाटातली लॅमिनेट केलेली जुनी प्रत चालत नाही. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार), विवाह यांची नोंद पुढे त्याच बाप्तिस्मा नोंदवहीच्या समासात केली जाते. चर्चच्या कायद्यातल्या ५३५ व्या कलमात तसे सांगितले आहे. म्हणून नव्याने काढलेला, समासातल्या नोंदींसह दाखला मागतात. शाळाप्रवेशाच्या वेळचा कागद दाखवून एका मुलीला तीनदा परत पाठवले गेले, आणि तिन्ही वेळा ‘नवा आणा’ यापलीकडे कोणी काही सांगितले नाही. का ते एका वाक्यात सांगायला काय हरकत होती?

दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर घाबरू नका. दाखल्यावर स्वतःच्या हाताने खाडाखोड मात्र कधीच करू नका. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडा.

बालगृह निवडले तर पोलीस पडताळणी लागते. पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पडताळणी करायची असते, म्हणून त्या स्वयंसेवकांकडेही कागद मागतात. मुले पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन पैसे भरतात, पण तो दाखला परदेशी जाणाऱ्यांसाठी असतो. तुम्हाला पोलिसांकडचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हवे आहे. हॉस्टेलच्या पत्त्यावरचे की गावच्या, हे संस्थेला आधी विचारून घ्या. नाहीतर दोनदा धावपळ होते, आणि तीही परीक्षेच्या दिवसांत.

मुदतीचा घोटाळा वेगळाच. ‘उपवासकाळापूर्वी’ लिहिलेले असले की मुले ईस्टर धरून चालतात. पण ईस्टरआधीचा हा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. २०२६ मध्ये तो बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे दीड महिन्याहून जास्त फरक. त्यातून आदले चार दिवस कार्निव्हलचे. नाताळच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी दाखला हवा असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत काढून ठेवा. २४ नोव्हेंबरला सांत फ्रान्सिस शाव्हिएरचे नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते, ३ डिसेंबरला फेस्त, लगेच ८ ला पणजीच्या चर्चचे फेस्त. त्या दिवसांत चर्चच्या कार्यालयात माणूस भेटणे कठीण.

पॅरिशच्या फादरांचे शिफारसपत्र हॉस्टेलच्या मुलांना जड जाते, कारण फादर त्यांना ओळखतच नसतात. दोन-तीन रविवार मिस्सानंतर थांबून ओळख करून घ्या, किंवा गावच्या फादरांचे पत्र चालेल का ते विचारा. प्राचार्यांचे ना-हरकत पत्र आणि फोटो सरळ मिळतात. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) प्रमाणपत्र असेल तर जोडा, पण वर्षाचे १२० तास झाले म्हणून ‘का यायचे आहे’ हा रकाना मोकळा सोडू नका. तिथे ‘समाजसेवेची आवड’ एवढेच लिहिलेले अर्ज मागे पडतात. आजारी आजीजवळ रात्री कोण बसत होते, त्यातून तुम्हाला काय कळले, ते चार ओळींत लिहा. मराठीत लिहिले तर चालेल का, हे आधी विचारा. मी विचारले तेव्हा बहुतेक ठिकाणी हो म्हणाले.