टर्मिनलला आधी विचारावे

लिनक्स किंवा मॅक संगणकावर टर्मिनलची, म्हणजे अक्षरे टंकून आज्ञा देण्याची, खिडकी उघडून ‘टीपुट कोल्स’ अशी आज्ञा दिली की उत्तर म्हणून एक आकडा येतो, समजा ८०. खिडकी ओढून रुंद केली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली, तर आकडा वाढलेला दिसतो. ‘टीपुट लाइन्स’ ही आज्ञा ओळी किती मावतात ते सांगते, तर ‘टीपुट कलर्स’ रंग किती दाखवता येतात ते सांगते. आजच्या बहुतेक टर्मिनलांवर हे उत्तर २५६ असते. (या आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) आपल्यासमोर पडदा दिसत असताना त्याच्याविषयी असे प्रश्न विचारायची सोय कशासाठी करून ठेवली असेल, याचे उत्तर टर्मिनल ही खिडकी नसून एक स्वतंत्र यंत्र होते त्या काळात सापडते.

१९६३ साली आलेले ‘मॉडेल ३३’ हे टेलिटाइप यंत्र (तारेने जोडलेला टंकयंत्रासारखा छापयंत्र-कळफलक) कागदावर सेकंदाला १० अक्षरे छापत असे. युनिक्स या कार्यप्रणालीत टर्मिनलला आजही ‘टीटीवाय’ म्हणतात, ते या टेलिटाइपवरूनच. छापलेला कागद पुसता येत नाही, त्यामुळे अशा यंत्राला सांगण्यासारखे फार थोडे होते: घंटा वाजव, ओळीच्या सुरुवातीला जा, कागद एक ओळ पुढे सरकव. काचेच्या पडद्याची टर्मिनले आल्यावर मात्र कर्सर हवा तेथे नेणे, ओळ पुसणे, अक्षर ठळक करणे असे पुष्कळ काही शक्य झाले. या आज्ञा अक्षरांच्याच तारेतून जात असल्यामुळे ‘यापुढचे छापू नकोस, ही आज्ञा आहे’ असे यंत्राला कळावे म्हणून आधी आस्की या, प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संकेतातले २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ हे चिन्ह पाठवण्याची रीत पडली. एस्केपनंतर काय पाठवायचे, हे मात्र ज्या त्या कंपनीने आपापल्या मनाने ठरवले.

कर्सर वरून सहाव्या ओळीत आणि अकराव्या स्तंभात न्यायचा आहे असे धरू. १९७६ सालच्या ‘एडीएम-३ए’ या टर्मिनलला एस्केपनंतर बरोबरचे चिन्ह आणि मग दोन अक्षरे पाठवावी लागत. ओळ आणि स्तंभ शून्यापासून मोजून, म्हणजे ५ आणि १० धरून, प्रत्येकात ३२ मिळवायचे आणि त्या क्रमांकांची अक्षरे पाठवायची. ३७ क्रमांकाचे चिन्ह % आणि ४२ क्रमांकाचे *, म्हणून आज्ञा होते ‘एस्केप = % *’. बत्तीसच का, तर आस्कीतले ० ते ३१ हे क्रमांक नियंत्रणचिन्हांसाठी राखून ठेवलेले आहेत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ‘व्हीटी-५२’ला हेच गणित चाले, फक्त = च्या जागी ‘वाय’ हे अक्षर लागे. त्याच कंपनीने १९७८ साली आणलेल्या ‘व्हीटी-१००’ने अमेरिकी मानकाच्या धर्तीवरची वेगळी पद्धत स्वीकारली: एस्केप, चौकोनी कंस, ६, अर्धविराम, ११ आणि शेवटी ‘एच’. या टर्मिनलला चुकून एडीएम-३एची आज्ञा पाठवली तर कर्सर हलतच नाही. ‘एस्केप =’ चा त्याच्या लेखी अर्थ ‘आकड्यांच्या कळांचे काम बदल’ असा असल्याने कळा वेगळे संकेत पाठवू लागतात आणि उरलेली %* ही दोन चिन्हे पडद्यावर उमटून बसतात.

एकाच संगणकाला चार कंपन्यांची टर्मिनले जोडलेली असताना त्या सर्वांवर चालणारा मजकूर-संपादक प्रोग्रॅम लिहायचा कसा, ही अडचण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘व्हीआय’ हा असा संपादक लिहिणाऱ्या बिल जॉय यांच्यासमोर उभी राहिली. १९७८ साली त्यांनी ‘टर्मकॅप’ तयार केले. ही एक नोंदवहीच म्हणायची: टर्मिनलचे नाव शोधावे आणि त्याला कोणती आज्ञा कोणत्या चिन्हांनी द्यायची ते वाचावे. जॉय स्वतः एडीएम-३ए वापरत असत आणि त्या कळफलकावर ‘एच’, ‘जे’, ‘के’, ‘एल’ या कळांवर बाण काढलेले होते. व्हीआयमध्ये कर्सर आजही याच चार अक्षरांनी हलतो. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेरी ॲन हॉर्टन यांनी या नोंदवहीची अधिक पद्धतशीर आवृत्ती, ‘टर्मइन्फो’, सिद्ध केली. टीपुट वाचते ती हीच.

‘सीयूपी’ हे या नोंदवहीत कर्सर हलवण्याच्या क्षमतेचे नाव आहे. ‘टीपुट सीयूपी ५ १०’ चे उत्पादन (आउटपुट) ‘कॅट’ या मजकूर दाखवणाऱ्या आज्ञेकडे वळवून, न दिसणारी चिन्हेही दाखवायला सांगितले, की आधुनिक टर्मिनलवर एस्केपनंतर ६ आणि ११ हे आकडे दिसतात. आपण ५ आणि १० दिले होते. टर्मइन्फो शून्यापासून मोजते आणि मानक एकपासून, म्हणून नोंदीतच ‘दोन्ही आकड्यांत एक मिळव’ अशी खूण लिहिलेली असते. एडीएम-३एच्या नोंदीत तिच्या जागी बत्तीस मिळवण्याची खूण आहे. नोंद म्हणजे तयार उत्तर नसून उत्तर काढण्याची कृती आहे, आणि मला या रचनेचे सर्वांत मोठे कौतुक याच गोष्टीचे वाटते. टीपुटला आज्ञेसोबत दुसऱ्या टर्मिनलचे नावही देता येते, त्यामुळे एडीएम-३ए कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसालाही त्याची नोंद आपल्या संगणकात असल्यास % आणि * ही चिन्हे काढून पाहता येतात. व्हीटी-१००च्या नोंदीत तर आज्ञेनंतर ५ मिलिसेकंद थांबण्याची सूचनाही आहे, कारण कर्सर हलवायला त्या यंत्राला वेळ लागत असे.

रंग आणि ठळकपणा याच वाटेने येतात. ‘टीपुट सेटएएफ १’ ने अक्षरे लाल होतात आणि ‘टीपुट एसजीआर०’ ने सर्व पूर्ववत होते. रंग न जाणणाऱ्या व्हीटी-१००विषयी विचारले, तर रंगांची संख्या उणे १ अशी येते आणि प्रोग्रॅमने रंगाचा नाद सोडावा हे कळते. लाल रंगाची चिन्हे थेट प्रोग्रॅममध्ये लिहून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. मीही एकदा तसे केले होते, आणि रात्रभर चाललेल्या कामाचे उत्पादन फाइलमध्ये साठवल्यावर प्रत्येक ओळीच्या आरंभी चौकोनी कंस आणि ३१ हा आकडा चिकटलेला सापडला. ‘चूक’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधल्या तर एकही मिळेना. उत्पादन टर्मिनलकडे जात आहे की फाइलकडे, हे टीपुट आपणहून पाहत नाही. तो प्रश्न प्रोग्रॅमने वेगळा विचारावा लागतो.

या व्यवस्थेची एक मर्यादा आहे. नोंदवहीत शोधायचे नाव ‘टर्म’ या व्हेरिएबलमधून घेतले जाते, आणि तेथे चुकीचे नाव असेल तर उत्तरेही चुकीची मिळतात. दूरच्या जुन्या सर्व्हरवर लॉगिन केल्यावर ‘हे टर्मिनल अपरिचित आहे’ अशी तक्रार येते, तेव्हा आपल्या नव्या टर्मिनलचे नाव तेथील नोंदवहीत नसते. स्तंभांच्या संख्येसाठी मात्र टीपुट केवळ नोंदवहीवर विसंबत नाही. ते चालू खिडकीचा आकार कार्यप्रणालीला विचारते, म्हणून खिडकी ओढताच आकडा बदलतो.

काही गोष्टी नोंदवही आणि कार्यप्रणाली या दोघांनाही ठाऊक नसतात, आणि मराठी लिहिणाऱ्याला हे लवकर जाणवते. टर्मिनलचा पडदा सारख्या मापाच्या घरांत विभागलेला असतो आणि ‘अ’ साठी एक घर पुरते. ‘क्षि’ मात्र युनिकोड या सर्व लिप्यांच्या संकेतात क, हलन्ताची खूण, ष आणि ह्रस्व इकार अशा चार संकेतांनी बनते. हलन्ताला स्वतंत्र घर द्यायचे नाही याविषयी सहसा मतभेद नसतो, पण इकाराला काही प्रोग्रॅम एक घर देतात, तर काही देत नाहीत. प्रोग्रॅमने एक मोजले आणि टर्मिनलने दुसरे, की ओळ संपादित करताना कर्सर भलत्याच अक्षरावर उभा राहतो आणि तक्त्याच्या उभ्या रेषा वाकड्या होतात.

येथे टर्मिनललाच विचारावे लागते. एस्केप, चौकोनी कंस, ६ आणि ‘एन’ अशी चिन्हे पाठवली की टर्मिनल कर्सरची जागा उलट पाठवते: एस्केप, चौकोनी कंस, ओळ, अर्धविराम, स्तंभ आणि ‘आर’. हे उत्तर कळफलकावरून टंकल्यासारखे येते, म्हणून आधी ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने प्रतिध्वनी, म्हणजे टंकलेली अक्षरे पडद्यावर उमटणे, बंद करावा आणि एंटरची वाट न पाहता अक्षरे लगेच मिळतील अशी व्यवस्था करावी, नाहीतर उत्तरच पडद्यावर सांडते. मग कर्सर पहिल्या स्तंभात नेऊन ‘क्षि’ छापावे आणि जागा विचारावी. उत्तरात स्तंभ ३ आला, तर या टर्मिनलने अक्षराला दोन घरे दिली. ४ आला, तर तीन.