ब्रिटिश नाणी : संग्रह आणि संदर्भसूची

ब्रिटनच्या चलनासाठी पाडलेली नाणी जमवणे, ती राजवट, वर्ष, टांकसाळ, ठसा (नाण्यावर छाप उमटवणारा साचा) आणि स्थिती यांनुसार लावणे, आणि या माहितीच्या सूची छापून संग्राहकांच्या हाती देणे या ब्रिटनमध्ये एकमेकींच्या आधाराने वाढलेल्या गोष्टी आहेत. भारतीय वाचकाने एक भेद आधीच लक्षात घ्यावा. व्हिक्टोरिया राणीचा किंवा जॉर्ज राजांचा छाप असलेले रुपये, आणे, पै हे ‘ब्रिटिश इंडिया’चे चलन असून त्यांच्या सूची वेगळ्या असतात. या नोंदीत पेनी, शिलिंग आणि पौंड यांच्या घराण्याचा विचार केला आहे.

चलनाची रचना आणि धातू

१५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत एक पौंड म्हणजे २० शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स, अशी रचना होती. पेनीचे चार फार्दिंग होत. फ्लोरिन दोन शिलिंगांचा, हाफ क्राउन अडीच शिलिंगांचा आणि क्राउन पाच शिलिंगांचा असे. त्यानंतर पौंडाचे १०० पेन्स झाले. दशमान पद्धत येण्यापूर्वीच्या दशकात नाणेसंग्रहाला उधाण आले, त्याचे कारण साधे होते. १८६० पासूनच्या कांस्य पेनी तोवर बाजारात फिरत होत्या, त्यामुळे शंभर वर्षांची मालिका दुकानदाराने परत दिलेल्या सुट्ट्या पैशांतून गोळा करता येत असे. त्या काळात स्वस्त, खिशात मावणाऱ्या किंमतपुस्तिकांना मोठा वाचकवर्ग मिळाला आणि आजही ही पुस्तके त्याच घडणीची आहेत.

१६६२ पर्यंतची बहुतेक नाणी हातोड्याने पाडलेली आहेत. त्यांची कड वेडीवाकडी असते आणि छाप अनेकदा सरकलेला असतो. त्यानंतर यंत्रावरची नाणी सुरू झाली. चांदीचा कस १९१९ पर्यंत ९२.५ टक्के होता, १९२० पासून तो ५० टक्क्यांवर आला, आणि १९४७ पासून चलनी नाण्यांत चांदी उरली नाही, तिची जागा तांबे-निकेलने घेतली. हाफ क्राउनचे वजन मात्र १४.१४ ग्रॅमच राहिले. म्हणून १९१९ च्या हाफ क्राउनमध्ये सुमारे १३.०८ ग्रॅम शुद्ध चांदी असते, १९२० ते १९४६ च्या नाण्यात ७.०७ ग्रॅम, तर १९४७ नंतरच्या नाण्यात काहीच नाही. झिजलेली, सामान्य वर्षांची नाणी विकत घेताना एवढा हिशेब तोंडपाठ हवा, कारण अशा नाण्याची किंमत चांदीच्या भावावर ठरते.

ठसा ओळखणे

वर्षानुसार एकेक नाणे लावून झाले की संग्राहक ठशांच्या भेदांकडे वळतो. या दृष्टीने कांस्य पेनीइतके समृद्ध दुसरे ब्रिटिश नाणे नाही. ९.४५ ग्रॅम वजन, जवळपास ३१ मिलिमीटर व्यास, सुरुवातीला ९५ टक्के तांबे, ४ टक्के कथील, १ टक्का जस्त. नाणे मोठे असल्याने बारीक फरक १० पटींच्या भिंगाखाली स्पष्ट दिसतात. १८९५ च्या पेनीत मागच्या बाजूवरील ब्रिटानियाच्या (ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) त्रिशूळापासून ‘पेनी’ शब्दातील पहिल्या अक्षरापर्यंतचे अंतर सहसा एक मिलिमीटर असते, दुर्मिळ प्रकारात ते दोन मिलिमीटर भरते. १९०२ च्या काही पेनींवर समुद्राची रेषा नेहमीपेक्षा खाली आहे. वर्षाच्या बाजूला ‘एच’ असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे, ‘केएन’ असेल तर किंग्ज नॉर्टनचे. ‘केएन’ फक्त १९१८ आणि १९१९ मध्ये येते.

काही भेदांमागे टांकसाळीची तांत्रिक अडचण असते, आणि ती कळली की भेद लक्षात ठेवायला सोपा जातो. पाचव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या पेनीवर राजाचे मस्तक मोठे व उंच उठावाचे होते. ठोकताना धातू त्या पोकळीत ओढला जाई आणि मागे बसलेल्या ब्रिटानियावर मस्तकाची पुसट सावली उमटे. हा दोष घालवण्यासाठी १९२६ मध्ये मस्तकात फेरफार केला गेला. सुधारित मस्तकाच्या त्या वर्षीच्या पेनी फार थोड्या आहेत. मानेखाली शिल्पकाराची ‘बी एम’ ही आद्याक्षरे पाहावीत. सुधारित मस्तकावर ती मानेच्या मागच्या बाजूकडे सरकलेली असून त्यांच्यात बिंदू नाहीत. १९२८ पासून मस्तकच लहान केले गेले. याच दोषामुळे १९११ ते १९२६ च्या पेनींची प्रत, म्हणजे स्थितीची पायरी, ठरवताना नवखे लोक फसतात. ब्रिटानियाचा चेहरा व छाती सपाट दिसली तरी ते नाणे झिजलेलेच असेल असे नाही, ते मुळातच कमकुवत ठोकलेले असू शकते. अशा वेळी सपाट भागाची चमक पाहावी. झिजलेल्या जागी मूळ चमक मरते, कमकुवत ठोक्यात ती शाबूत राहते.

याउलट ठशात तेल-मळ साचल्याने एखाद्या अक्षराची काडी गळते आणि ‘ई’ चे ‘एफ’ दिसू लागते. हा कायमचा भेद नव्हे, त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. ठोक्याच्या क्षणी ठसा हलल्याने आकड्याशेजारी जी सपाट पायरी दिसते, तिलाही दुहेरी ठसा समजू नये.

आधुनिक नाण्यांत कारण माहीत असणे तितकेच उपयोगी पडते. २००८ मध्ये मागच्या बाजूच्या रचना बदलल्या आणि २० पेन्सवरील वर्ष मागून दर्शनी बाजूला गेले. काही नाणी जुना दर्शनी ठसा आणि नवा मागचा ठसा जुळून पडली, त्यांवर वर्षच नाही. दोन पेन्सच्या नाण्यावर १९८१ पर्यंत ‘न्यू पेन्स’ असे शब्द होते, १९८२ पासून ‘टू पेन्स’ आले. १९८३ चे ‘न्यू पेन्स’ मात्र चूक आहे आणि दुर्मिळ आहे. १९७१ ते १९८१ ची असंख्य नाणी हेच शब्द मिरवतात, तरी त्यांना जादा किंमत नाही. वर्ष न वाचता केलेली ही खरेदी सर्वांत वारंवार घडणारी चूक आहे. लंडनच्या क्यू उद्यानाचे चित्र असलेल्या २००९ च्या ५० पेन्सची संख्या २,१०,००० एवढीच होती. तेच चित्र २०१९ च्या संचांतही आले, पण त्यावर वर्ष २०१९ आहे.

सॉव्हरिन आणि मुंबई

१८१७ पासूनचे सॉव्हरिन, म्हणजे एक पौंडाचे सोन्याचे नाणे, ७.९८८ ग्रॅम वजनाचे, २२.०५ मिलिमीटर व्यासाचे आणि २२ कॅरटचे आहे. मराठी घरांतून ‘गिनी’ म्हणून जपलेले नाणे बहुधा हेच असते. लंडनखेरीज सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, प्रिटोरिया आणि १९१८ या एकाच वर्षी मुंबईत ही नाणी पडली. मुंबईचे चिन्ह म्हणजे रोमन ‘आय’ हे अक्षर. ते मागच्या बाजूच्या चित्रातील घोड्याच्या पायांखालील जमिनीच्या पट्टीवर, वर्षाच्या वर मध्यभागी असते. एखाद्या उभ्या रेघेएवढेच असल्याने ते सहज नजरेतून सुटते. या नाण्यांची संख्या सुमारे १२ लाख ९५ हजार. त्याच वर्षी मुंबईत पाडलेली १५ रुपयांची सोन्याची मोहर वजनाला व कसाला सॉव्हरिनइतकीच आहे, पण सूचींत ती ब्रिटिश इंडियात नोंदली जाते.

माळेत ओवण्यासाठी कडी लावलेली गिनी संग्राहकाच्या दृष्टीने सोन्याच्या भावाचीच राहते. कडी काढली तरी कडेवर डाग दिल्याची खूण उरते आणि तिथले आरे (कडेवरच्या बारीक उभ्या खाचा) भरलेले दिसतात. म्हणून गिनी विकत घेताना संपूर्ण कड फिरवून पाहावी. बनावट नाण्यांत काहींमध्ये सोनेही पुरते असते, त्यामुळे नुसता कस तपासून भागत नाही. आधी वजन, मग व्यास, मग जाडी मोजावी. तिन्ही एकत्र बरोबर येणे हलक्या धातूच्या नकलेला जमत नाही. पाण्यात तोलून काढलेली घनता १७.५ च्या आसपास यावी. त्यानंतर अक्षरांच्या कडा पाहाव्यात. त्या साबणासारख्या गोलसर असतील किंवा मोकळ्या भागात बारीक पुटकुळ्या असतील तर नाणे ओतीव असण्याचा संशय घ्यावा.

भारतातील नाणे शंभर वर्षांहून जुने असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा त्याला लागू होतो आणि ते देशाबाहेर विकण्यासाठी पाठवता येत नाही. परदेशातील लिलावात घरची गिनी पाठवण्याचा विचार करणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

प्रत आणि जतन

ब्रिटिश सूचींत ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’, ‘अनसर्क्युलेटेड’ आणि सर्वांत वर ‘एफडीसी’ (निर्दोष नाणे) अशा पायऱ्या आहेत. अमेरिकी पद्धत १ ते ७० गुणांची आहे. सारख्याच नावाची ब्रिटिश पायरी अमेरिकी पायरीपेक्षा कडक असते, म्हणून कोणत्या पद्धतीने प्रत सांगितली आहे हे विचारल्याशिवाय किंमत जुळवू नये.

नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावली की वरचा थर जातो, सूक्ष्म ओरखडे पडतात आणि ते परत भरून येत नाहीत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून काही वर्षांत हिरवट चिकट द्रव सुटतो. तो सुरुवातीच्या अवस्थेत शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून, न चोळता काढता येतो. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे. रबरबँडमधील गंधकाने चांदी काळी पडते. ब्रिटिश संग्राहक पूर्वापार महोगनीच्या खणांची कपाटे वापरतात, ओकचे लाकूड टाळतात, कारण त्यातून आम्लाची वाफ निघते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कांस्यावर जंगाल चढतो. डब्यात सिलिका जेल ठेवून तो आटोक्यात राहतो, मात्र ती पुडी दर काही आठवड्यांनी गरम करून कोरडी करावी लागते.

संदर्भसूची

सर्वसाधारण संग्राहकाचा मुख्य आधार म्हणजे नाणेविक्रेते सीबी यांनी १९२९ मध्ये सुरू केलेली प्रमाण सूची, जी आता स्पिंक ही लिलावसंस्था दरवर्षी काढते. लिलावातील वर्णनात ‘एस’ अक्षरापुढे येणारा क्रमांक याच सूचीचा. तांबे, कथील व कांस्य यांसाठी पेक यांचा १९६० चा ब्रिटिश म्युझियमवर आधारित ग्रंथ आहे. कांस्य नाण्यांच्या ठशांसाठी फ्रीमन यांची पद्धत रूढ आहे. तीत दर्शनी ठशाला आकडा व मागच्या ठशाला अक्षर देऊन ‘६+जी’ अशी जोडी लिहितात. ही मांडणी मला सर्वांत उपकारक वाटते, कारण अनपेक्षित नवी जोडी सापडली तरी तिला लिहिण्याची सोय आधीपासून तयार असते. १६४९ नंतरच्या चांदीसाठी रेनर यांची सूची वापरात होती. बुल यांच्या नव्या आवृत्तीत तिचे क्रमांक बदलले, आणि तेव्हापासून विक्रेत्यांना दोन्ही क्रमांक लिहावे लागतात. प्रकाशकाने यातून घ्यायचा धडा सरळ आहे. एकदा छापलेला क्रमांक हलवू नये, नवे नाणे आले तर त्याच क्रमांकाला अक्षर जोडावे.

सूची तयार करताना पहिले काम व्याप्ती ठरवण्याचे असते. चलनी नाणीच घ्यायची, की संग्राहकांसाठी काढलेली प्रूफ (खास चकचकीत ठोकलेली) नाणी, नमुना नाणी आणि चुकाही? मग प्रत्येक भेदाला प्रत्यक्ष नाण्यावरून एक वाक्याची ओळख लिहावी लागते. ‘आकडा थोडा मोठा’ असे वर्णन निरुपयोगी, कारण वाचकाच्या हातात तुलनेला दुसरे नाणे नसते. ‘अक्षराची उभी काडी कडेच्या दाताकडे (कडेलगतच्या बारीक उंचवट्याकडे) रोखते, की दोन दातांमधल्या फटीकडे’ हे मात्र एकट्या नाण्यावर तपासता येते. छायाचित्रांसाठी कॅमेरा स्थिर चौकटीत नाण्याशी समांतर ठेवतात, प्रकाश वरच्या डाव्या बाजूने घेतात आणि सर्व चित्रे एकाच प्रमाणात छापतात. प्रकाशाची दिशा मध्येच बदलली तर उठाव खोलगट दिसू लागतो आणि दोन ठसे वेगळे असल्याचा भास होतो. चालू नाण्यांच्या रचनांवर हक्क राखीव असल्याने चित्रे छापण्यापूर्वी परवानगी पाहावी लागते.

टांकसाळीच्या संख्या सूचीत हव्याच, पण त्या दुर्मिळतेचे माप नव्हेत. लंडनच्या १९१७ च्या सॉव्हरिनची नोंद दहा लाखांहून थोडी अधिक आहे, तरी ती क्वचितच सापडतात, कारण बहुतेक वितळवली गेली. १९४५ ची चांदीची तीन पेन्सची नाणी ३,७१,००० पडली, पण जवळपास सगळी वितळवली गेली. १९३३ ची पेनी तर चलनासाठी काढलीच नव्हती. बँकांकडे पेनींचा साठा पुरेसा होता. इमारतींच्या पायाभरणीत ठेवण्यासाठी वगैरे मोजकीच नाणी झाली. १९३५ सारख्या वर्षांचा शेवटचा आकडा कोरून तिच्या नकला करतात. त्या वजनाला बरोबरच भरतात, म्हणून आकड्याभोवतीच्या सपाट भागात हत्याराच्या खुणा शोधाव्या लागतात.

सूचीतला किंमतीचा स्तंभ सर्वांत लवकर शिळा होतो. भाव गोळा करणे, छापणे आणि पुस्तक दुकानात पोहोचणे यांत अनेक महिने जातात. छापलेला आकडा विक्रेत्याच्या विक्रीचा असतो, तो खरेदी करताना त्याहून बराच कमी देतो. लिलावाचा आकडा वापरताना त्यावर खरेदीदाराने भरलेले कमिशन धरले आहे की नाही हे संपादकाने प्रस्तावनेत लिहावे. एखाद्या प्रतीपुढे आडवी रेघ असेल तर तिचा अर्थ बहुधा ‘या स्थितीत व्यवहार आढळला नाही’ असा असतो, ‘किंमत नाही’ असा नव्हे.

आणखी एक जुना रोग म्हणजे नाणे न पाहता आधीच्या सूचीवरून उतरवलेली नोंद. अंधुक ‘३’ ला कोणी ‘८’ वाचतो, ते छापले जाते, पुढची पुस्तके ते घेतात आणि संग्राहक वर्षानुवर्षे नसलेल्या नाण्याच्या मागे लागतात. जबाबदार संपादक अशी नोंद गुपचूप काढत नाही. काढली तर कोणी पुन्हा ‘नवा शोध’ म्हणून तीच पाठवतो. तो ती ‘अपुष्ट’ अशी खूण करून ठेवतो. दुरुस्ती कळवणाऱ्या वाचकाने दोन्ही बाजूंची सरळ प्रकाशातील छायाचित्रे, शतांश ग्रॅमपर्यंतचे वजन, व्यास, आणि दर्शनी बाजू उभी धरून नाणे उलटल्यावर मागची बाजू सरळ येते की उलटी, एवढे पाठवले की संपादकाला त्या नाण्याचा निर्णय करता येतो.