चिवटही हवे आणि सांधणारेही: हायड्रोजेलचा पेच

चायना ग्रासच्या जेलीची वडी सुरीने कापून दोन्ही तुकडे पुन्हा एकमेकांना टेकवून ठेवले, तर तासाभरानेही ते सुटेच निघतात. ही जेली, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आणि बाळाच्या डायपरमधले फुगणारे कण ही सारी हायड्रोजेलची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या (रेणूंच्या लांब साखळ्यांच्या) जाळ्याची रूपे होत. कापल्यावर आपोआप सांधणारे हायड्रोजेल बनवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. खरी अडचण आहे ती त्याला मजबुती देण्याची. कापाच्या ठिकाणी साखळ्यांना हालचाल करता आली, तरच त्या पलीकडच्या साखळ्यांशी जुळतात. पण मजबुती हवी, तर त्यांना घट्ट बांधून ठेवावे लागते. सहसंयुज बंध, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेले बंध, बळकट असले तरी एकदा तुटले की सहसा जुळत नाहीत, आणि जे बंध सहज जुळतात ते सहज तुटतातही.

जपानमधील होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गोंग यांच्या गटाने 2003 मध्ये एक ताठ, ठिसूळ जाळे आणि एक सैल, लवचीक जाळे एकमेकांत गुंफले. ताण आला की ठिसूळ जाळे ठिकठिकाणी तुटून ऊर्जा शोषते आणि लवचीक जाळे तुकडे होऊ देत नाही. त्यामुळे सुमारे 90 टक्के पाणी असूनही हे जेल विलक्षण चिवट ठरले. मात्र तुटलेले बंध कायमचेच तुटले. 2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ठिसूळ जाळ्याच्या जागी समुद्री शेवाळातले अल्जिनेट वापरून ते कॅल्शियमच्या आयनांनी, म्हणजे विद्युतभारित अणूंनी, बांधले. हे जेल मूळ लांबीच्या वीसपटींहून अधिक ताणले गेले, आणि ताण काढल्यावर सुटलेले आयनिक बंध बऱ्याच अंशी पुन्हा जुळले. तरीही दुसरे जाळे सहसंयुजच असल्याने याला पूर्ण स्वदुरुस्ती म्हणणे मला धाडसाचे वाटते.

2025 मध्ये फिनलंडचे आल्टो विद्यापीठ आणि जर्मनीचे बायरॉइट विद्यापीठ यांनी या पेचातून काढलेली वाट अधिक चतुर आहे. त्यांनी साखळ्या एकमेकींना बांधल्याच नाहीत, नुसत्या गुंतवल्या. मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे समांतर थर असलेल्या पाण्यात मोनोमरची, म्हणजे ज्यांच्या साखळ्या बनतात त्या लहान रेणूंची, पूड मिसळून त्यावर, नेलपॉलिश वाळवण्याच्या दिव्यासारखा, अतिनील प्रकाश सोडला. मिलिमीटरभर जाडीत असे सुमारे 10,000 पापुद्रे बसतात, आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत वाढलेल्या साखळ्यांचा लोकरीसारखा दाट गुंता होतो. नेहमीच्या मऊ जेलची ताठरता किलोपास्कलमध्ये (मेगापास्कलचा हजारावा भाग) मोजतात. याची 50 मेगापास्कलपर्यंत गेली. कापल्यावर मोकळी झालेली टोके पुन्हा एकमेकांत शिरू लागतात: चार तासांत 80 ते 90 टक्के जखम भरते, दिवसभरात सहसा पूर्ण.

सुटणाऱ्या-जुळणाऱ्या बंधांवर सांधणाऱ्या जेलचे आकडे वाचताना कापलेले तुकडे किती वेळाने जोडले, हे जरूर पाहावे. काप ताजा असताना मोकळे बंध जोडीदार शोधत असतात. तुकडे बराच वेळ अलग राहिले, तर हे बंध आपल्याच बाजूच्या शेजाऱ्यांशी जुळून बसतात, आणि उघड्या हवेत तर कापलेली कडही वाळू लागते.