मॅग्नेशियम-गंधक बॅटरीतील सच्छिद्र कार्बन

मॅग्नेशियम-गंधक बॅटरीच्या धनाग्रात गंधकापर्यंत वीज पोचवणारा आणि विरघळणारी पॉलिसल्फाइडे (बॅटरी चालताना बनणारी, गंधकाच्या साखळ्यांची संयुगे) अडवून धरणारा आधार. गंधकाची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १६७२ मिलिअँपिअर-तास असली, तरी तो विद्युतरोधक आहे. कार्बनला लागून असलेला पातळ थरच कामी येतो. टोयोटाच्या उत्तर अमेरिकेतील संशोधन संस्थेने २०११ मध्ये ही बॅटरी प्रथम चालवून दाखवली, तेव्हा ग्रॅममागे सुमारे १२०० मिलिअँपिअर-तासांची क्षमता वापराच्या दुसऱ्याच फेरीत ३९४ वर आली. निसटलेली पॉलिसल्फाइडे मॅग्नेशियमवर जाऊन बसतात, आणि तिथला थर लिथियम बॅटरीतील लिथियमवरच्या थरासारखा आयनांना सहज वाट देत नाही.

रंध्रांची रुंदी इथे निर्णायक ठरते. गंधकाचे आठ अणूंचे कडे सुमारे ०.७ नॅनोमीटरचे असते. २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद रंध्रे गंधक घट्ट धरतात, पण त्यांत मावतो थोडा, आणि दुहेरी प्रभाराच्या मॅग्नेशियम आयनाला आत शिरणेही जड जाते. ५० नॅनोमीटरपुढची रंध्रे भरपूर गंधक घेतात आणि तितक्याच सहज सोडतात. म्हणून मधल्या मापाचा सीएमके-३ हा कार्बन बराच वापरला गेला. सिलिकाच्या साच्यात साखरेचे द्रावण मुरवून, ९०० अंश सेल्सिअसला कार्बन करून, मग सिलिका विरघळवून तो मिळतो.

त्याचे रंध्रघनफळ ग्रॅममागे सुमारे १.३ घन सेंमी. असते. गंधकाचे मॅग्नेशियम सल्फाइड होताना घनफळ साधारण ३५ टक्क्यांनी वाढते. ही वाढ धरली तर १ ग्रॅम कार्बनात जेमतेम २ ग्रॅम गंधक बसतो. प्रत्यक्षात १:१ प्रमाण बरे, कारण इलेक्ट्रोलाइटलाही (आयन वाहून नेणाऱ्या द्रावणालाही) जागा हवी.

कार्बन आधी निर्वातात १२० अंशांवर सुकवतात. रंध्रांत राहिलेला ओलावा मॅग्नेशियमचा पृष्ठभाग निष्क्रिय करतो. मग गंधकाबरोबर खलून, बंद भांड्यात १५५ अंशांवर सुमारे १२ तास ठेवतात. वितळलेला गंधक याच तापमानाच्या आसपास सर्वांत पातळ असतो. १५९ अंशांपुढे त्याच्या लांब साखळ्या बनून तो एकदम घट्ट होतो आणि रंध्रांबाहेरच राहतो. भरल्यानंतर निर्वातात जास्त तापवू नये, गंधक उडून जातो.

नुसता कार्बन अध्रुवीय असल्याने पॉलिसल्फाइडांवरची त्याची पकड ढिली असते. नायट्रोजनचे अणू मिसळल्यास ती सुधारते. सेपरेटरवर (दोन अग्रांमधल्या पातळ पडद्यावर) कार्बन तंतूंचा थर दिल्यास निसटलेले पॉलिसल्फाइड तिथे अडून पुन्हा वापरात येते. मात्र ग्रिन्यार प्रकारचा (मॅग्नेशियमच्या सेंद्रिय संयुगांचा) इलेक्ट्रोलाइट गंधकावर थेट हल्ला करतो, तिथे कोणताही कार्बन उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष फसवे निघतात ते बहुधा तांब्यामुळे. वीज वाहून नेण्यासाठी धनाग्राला तांब्याची पत्री लावली, की तांबे गंधकाशी संयोग पावून कॉपर सल्फाइड बनते आणि श्रेय कार्बनला जाते. तुलना करायची तर ग्रॅफाइटची पत्री वापरावी. आकडाही नीट वाचावा: कार्बन-गंधक मिश्रणात निम्मा गंधक आणि धनाग्रात ८० टक्के मिश्रण असेल, तर पूर्ण धनाग्राच्या वजनावर १६७२ चे कमाल ६६९ च उरतात.